सौदा, मध्यस्थ आणि तिसरा माणूस
मराठी नाटकातील लोभ आणि महत्त्वाकांक्षा : एक प्रस्तावना

लोभ आणि महत्त्वाकांक्षा हे शब्द नाट्यसमीक्षेत बहुधा जोडीने येतात, तरी त्यांचा अर्थ एक नाही. आपल्याजवळ आहे त्याहून अधिक असावे ही ओढ म्हणजे लोभ, आणि तो पैसा, दागिने, जमीन अशा मोजता येणाऱ्या वस्तूंभोवती फिरतो. आपण आहोत त्याहून वरच्या जागी बसावे ही ओढ म्हणजे महत्त्वाकांक्षा, आणि तिचे लक्ष गादी, अधिकार किंवा कीर्ती यांवर असते. भारतीय नीतिविचाराने काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर या सहा विकारांना षड्रिपू, म्हणजे माणसाच्या आतले सहा शत्रू, असे म्हटले. त्यांत लोभाला स्वतंत्र स्थान मिळाले, पण महत्त्वाकांक्षेला मिळाले नाही, कारण पराक्रमी पुरुषाला ती शोभते असेच मानले जात होते. ज्या समाजाने स्वराज्यस्थापनेची आकांक्षा पूज्य मानली त्याला सगळीच महत्त्वाकांक्षा त्याज्य ठरवता येणे शक्य नव्हते, आणि म्हणून ती नेमकी कोणत्या टप्प्यावर विघातक होते, हा प्रश्न मराठी नाटककाराला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागला.

या प्रश्नाला मराठी रंगभूमीने गेल्या दीड शतकाहून अधिक काळात जी उत्तरे दिली, ती वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरची आहेत. एका नाटकात मुलगी विकणारा भिक्षुक आहे, दुसऱ्यात पुतण्याच्या जागेवर डोळा ठेवणारा पेशवा आहे, तिसऱ्यात कोतवाल आहे आणि चौथ्यात वाड्यातले दागिने दाबून बसलेला थोरला भाऊ आहे. तरीही ही नाटके एकापुढे एक ठेवून वाचली की त्यांच्या रचनेत एक समान सूत्र दिसू लागते. मराठी नाटकात लोभ हा एकट्या माणसाच्या मनातला विकार म्हणून क्वचितच येतो. तो येतो सौद्याच्या रूपाने. या सौद्यात एकाला काही हवे असते, ते मिळवून देणारा एक मध्यस्थ असतो, आणि किंमत मात्र अशा तिसऱ्या माणसाकडून वसूल होते, ज्याला कोणी काही विचारलेलेच नसते. महत्त्वाकांक्षेची किंमत स्वतः मोजणाऱ्याला ही रंगभूमी वीर म्हणते, आणि ती दुसऱ्याच्या पदरी टाकणाऱ्याला खलपुरुष ठरवते. प्रस्तुत विवेचनाचा आधार हे सूत्र आहे.

या सूत्राचे वेगळेपण कळावे म्हणून पाश्चात्त्य शोकात्मिकेकडे, म्हणजे थोर नायकाचा अटळ विनाश दाखवणाऱ्या नाट्यप्रकाराकडे, थोडे पाहावे लागते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात नायकाच्या पतनामागे ‘हॅमर्शिया’, म्हणजे त्याच्या हातून घडणारा मोठा प्रमाद, असतो असे प्रतिपादन केले, आणि पुढच्या टीकाकारांनी या कल्पनेचा विस्तार नायकाच्या स्वभावातील उणिवेपर्यंत केला. शेक्सपिअरचा मॅक्बेथ हे त्याचे ठळक उदाहरण होय. राजाचा खून केल्यावर त्याची झोप उडते, बायको भ्रमिष्ट होते, आणि मॅक्डफच्या बायकामुलांसारखे निरपराध जीव बळी जात असूनही प्रेक्षकाचे लक्ष अखेरपर्यंत खुन्याच्याच मनावर खिळून राहते. संस्कृत नाट्यपरंपरेने शोकान्त जवळजवळ टाळला, आणि भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद सोडला तर दुर्योधनासारख्या सत्तालोभी पुरुषाचा मृत्यू रंगमंचावर आणण्याचे धाडस फारसे झाले नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त मात्र पुढच्या मराठी नाटकाची चाहूल लागते. सोन्याची गाडी हवी म्हणून रडणाऱ्या मुलाच्या मातीच्या गाडीत वसंतसेना आपले अलंकार घालते, आणि प्रेमाने दिलेले तेच अलंकार पुढे न्यायसभेत चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. तिच्या जिवावर उठतो तो शकार, पण वधस्तंभाकडे नेला जातो तो चारुदत्त. हे नाटक मराठीत आणणारे गोविंद बल्लाळ देवलच पुढे ‘शारदा’ लिहितात, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातल्या वाचकाला या विषयाचा दुवा आपल्या नाट्यगृहांच्या नावांतच सापडतो. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन आहे, मानपाड्यालगत डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे आणि कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. या चार नावांपैकी प्रत्येकाशी लोभाच्या किंवा सत्ताकांक्षेच्या विनाशकारी रूपाचे एकेक नाटक जोडलेले आहे, आणि ती नाटके क्रमाने घेतली तरी या विषयाचा इतिहास बऱ्याच अंशी उभा राहतो.

त्यांतले सर्वांत जुने नाटक सावित्रीबाईंच्या घरातले आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले, तेव्हा विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि मराठी रंगभूमी अजून पौराणिक आख्यानांतच रमलेली होती. फुल्यांचे नाटक मात्र सरळ एका गरीब कुणब्याच्या दारात जाऊन उभे राहते. त्याची बायको गरोदर आहे हे हेरून जोशी ग्रहदशेची भीती घालतो आणि अनुष्ठान, दक्षिणा, ब्राह्मणभोजन असा खर्च एकामागून एक त्या घरावर लादत जातो. लोभाचे हत्यार इथे तलवार नाही, पंचांग आहे. आणि वाचता न येणाऱ्याला पंचांगात काय लिहिले आहे हे पडताळता येत नाही, एवढ्यावर सारा व्यवहार चालतो. मध्येमध्ये बोलणारा विदूषक हा व्यवहार उघडा करत राहतो, आणि शेवटी ते जोडपे शिकण्याच्या निर्णयापर्यंत येते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही आणि छापील रूपात ते वाचकांपर्यंत यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला, त्यामुळे पुढच्या नाटककारांवर त्याचा प्रत्यक्ष प्रभाव दाखवता येत नाही. तरीही सौद्याचे ते सूत्र आधुनिक मराठी नाटकाच्या पहिल्याच पानावर लिहिले गेले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

देवलांच्या ‘शारदा’ने हे सूत्र १८९९ मध्ये नाट्यगृहातल्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे मांडले. कांचनभट हा शारदेचा बाप, भुजंगनाथ हा लग्नाला उतावीळ झालेला धनाढ्य म्हातारा आणि भद्रेश्वर दीक्षित हा त्या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ. मुलीच्या बापाने वराकडून पैसे घेऊन लग्न लावून देणे, याला त्या काळी कन्याविक्रय म्हणत. शास्त्राने तो निषिद्ध मानला होता आणि व्यवहारात तो चालत होता. देवलांचे कौशल्य असे, की त्यांनी कांचनभटाला राक्षस केले नाही. तो दरिद्री आहे, पैशाच्या स्वप्नाने हुरळून गेला आहे, आणि श्रीमंताघरी मुलगी पडणार म्हणजे तिचेही कल्याणच, अशी स्वतःची समजूत घालण्याइतका भाबडाही आहे. भद्रेश्वर मात्र पुरता धंदेवाईक आहे. भुजंगनाथाचे वय झाकणे, कांचनभटाची हाव वाढवणे आणि दोन्ही बाजूंकडून आपला वाटा काढणे हे तो इतक्या सफाईने करतो, की प्रेक्षक हसता हसता त्याच्या हुशारीला दाद देऊन बसतो. घरात इंदिराकाकूंचा, म्हणजे शारदेच्या आईचा, विरोध आहे, पण तिच्या शब्दाला वजन नाही. आणि शारदेला तर शब्दच नाही, ती आपले दुःख मैत्रिणींपाशी गाण्यातून सांगते.

या नाटकाचा शेवट अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. कोदंड नावाचा तरुण भर मांडवात लग्न थांबवतो, पण ते मुलीच्या इच्छेविरुद्ध आहे या कारणाने नव्हे. वर आणि वधू सगोत्र, म्हणजे एकाच गोत्रातले, असल्याचे तो उघड करतो, आणि तेवढ्यावर विवाह अशास्त्रीय ठरतो. मुलगी विकली जाते आहे ही गोष्ट जमलेल्या समाजाला आक्षेपार्ह वाटली नाही, गोत्र मात्र वाटले. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंडच वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचे लग्न होते. नाटक सुखान्त झाले, पण शारदेला वाचवणारा नियम शारदेसाठी केलेलाच नव्हता, हा बोचरा भाग देवलांनी तसाच ठेवला.

घरातला सौदा राज्यापर्यंत गेला म्हणजे काय होते, हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’त दिसते. महाराष्ट्र नाटक मंडळीने हे नाटक १९०९ मध्ये रंगभूमीवर आणले. लोकमान्य टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, खाडिलकर ‘केसरी’च्या वर्तुळातले होते आणि सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटल्याला दोनच वर्षे झाली होती, त्यामुळे आपसातल्या फुटीचा लाभ परका उठवतो, हा अर्थ तेव्हाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नसणार. नाटकाचा विषय ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून हा आहे. नारायणरावाचा चुलता रघुनाथराव, म्हणजेच राघोबा, आणि त्याची पत्नी आनंदीबाई यांच्या जोडीवर मॅक्बेथ आणि त्याच्या पत्नीची छाया पडलेली आहे हे समीक्षकांनी वेळोवेळी दाखवले आहे, पण दोन नाटकांतला फरक अधिक बोलका आहे. मॅक्बेथच्या मनातली इच्छा चेटकिणींच्या भविष्यवाणीने जागी होते. राघोबाला अशा अद्भुताची गरज लागत नाही, कारण त्याच्या घरातच मानापमानाचा, नजरकैदेचा आणि वारसाहक्काचा पुरेसा दारूगोळा साठलेला आहे. भाऊबंदकी, म्हणजे एकाच कुळातल्या वाटेकऱ्यांचे वैर, ही मराठी माणसाच्या परिचयाची गोष्ट आहे, आणि गादीचे भांडण हे शेवटी वाटणीचेच भांडण आहे, हे खाडिलकरांनी ओळखले.

नारायणरावाला ‘धरावे’ या हुकुमातल्या ‘ध’चा आनंदीबाईने ‘मा’ केला, अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ते अक्षर तिनेच बदलले याला निर्विवाद ऐतिहासिक आधार नाही, तरीही ही कथा टिकून राहिली ती तिच्या नाट्यगुणामुळे, कारण तिच्यात गुन्हा एका कागदावर आणि एका अक्षरावर येऊन थांबतो आणि गारद्यांच्या तलवारी केवळ त्याची अंमलबजावणी करतात. पाठलाग चुकवत आलेला अठरा वर्षांचा पेशवा चुलत्यालाच मिठी मारून जीव वाचवण्याची विनवणी करतो, हे परंपरेने जपलेले दृश्यही असेच आहे. ज्याच्या नावाने हुकूम सुटला त्याच्याच कुशीत बळी आसरा मागतो, आणि हुकूम देणाऱ्याला आपली सही मागे घेता येत नाही. यानंतर रामशास्त्री प्रभुणे पुढे येतात. न्यायाधीशाने सत्ताधीशाला तोंडावर दोषी ठरवावे आणि देहान्त प्रायश्चित्त, म्हणजे प्राण देऊनच फिटणारे प्रायश्चित्त, सांगून दरबाराकडे पाठ फिरवावी, या प्रसंगाने नाटकाचा नैतिक तोल राघोबाकडून रामशास्त्र्यांकडे झुकतो. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाने हे नाटक पुन्हा उभे केले, तेव्हा नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांच्या भूमिकांमुळे नव्या पिढीलाही त्याची ताकद कळली. वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने मॅक्बेथचे जे मराठी रूप सिद्ध केले, त्यातही फाटक आणि खोटे हीच जोडी होती. शिवराम महादेव परांजपे यांचे ‘मानाजीराव’ हे मॅक्बेथचे रूपांतर त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, झालेले होते. परकी शोकात्मिका रुजवण्याचे हे प्रयत्न आपापल्या जागी मोलाचे आहेत, पण मराठी प्रेक्षकाच्या मनात सत्तालोभाचे नाव अजूनही राघोबाच आहे.

या सत्तालोभाची किंमत ठाणे परिसराने प्रत्यक्षात मोजली आहे, आणि या भागातल्या वाचकासाठी ‘भाऊबंदकी’चा तो अलिखित अंक होय. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट पोर्तुगीजांकडून घेतले होते. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे पुण्यातल्या कारभारी मंडळींच्या गटाने, राघोबाला दूर केले, तेव्हा गादी परत मिळवण्यासाठी तो मुंबईच्या इंग्रजांकडे वळला. बोलणी चालू असतानाच इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला जिंकून घेतला, आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला, त्यात इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, राघोबाने तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे आणि साष्टी व वसई तोडून द्यायची असे ठरले. पुढे पुरंदरचा आणि सालबाईचा तह झाला, राघोबाला गादी परत मिळाली नाही, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. आजचा मानपाडा, घोडबंदरचा रस्ता आणि येऊरच्या पायथ्याचे पाडे ही सारी भूमी त्या साष्टीतली. पुण्याच्या गादीसाठी झालेल्या सौद्यात इथल्या कोळ्या-आगऱ्यांना, वारल्यांना किंवा भंडाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. त्या किल्ल्याचे पुढे कारागृह झाले, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी देण्यात आले. कान्हेऱ्यांनी ज्या जॅक्सनवर नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात गोळ्या झाडल्या, तो कलेक्टर त्या रात्री ‘शारदे’च्या प्रयोगाला आला होता. एका चुलत्याने आपल्या गादीसाठी तोडून दिलेल्या मुलखाचा हिशेब तीन पिढ्यांपलीकडच्या तरुणांच्या गळ्याशी येऊन भिडला.

गडकरी, घाणेकर आणि अत्रे या तीन नावांशी जोडलेल्या नाटकांत सौद्याचे रूप पालटत जाते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्येच गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि दारूच्या व्यसनावरचे नाटक म्हणून ते प्रसिद्ध झाले, पण सुधाकराच्या हाती पहिला प्याला येतो तो दुखावलेल्या अभिमानामुळे. बुद्धिमान आणि मानी अशा या वकिलाला भर कोर्टात अपमान सोसावा लागतो, त्याची सनद काही काळासाठी जाते, आणि त्या क्षणी तळीराम त्याच्यापुढे प्याला करतो. तळीराम म्हणजे या नाटकातला भद्रेश्वर दीक्षित. सुधाकर बुडतो ते त्याच्या स्वतःच्या हाताने, मात्र जात्यावर दळण दळून घर चालवणारी त्याची बायको सिंधू आणि तिचे तान्हे मूल यांनी प्याल्याला कधी स्पर्शही केलेला नसतो, आणि मरण त्यांच्या वाट्याला येते.

वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ ही दोन्ही नाटके १९६२ मधली. पहिल्यात संभाजीची भूमिका करून डॉ. काशिनाथ घाणेकर नावारूपाला आले. आपला मुलगा राजाराम गादीवर यावा ही शिवाजी महाराजांची राणी सोयराबाई हिची आकांक्षा आणि तिला मिळणारी दरबारी साथ हा या नाटकाचा एक पदर आहे, आणि तिच्यात राघोबाचा अधाशीपणा नसला तरी परिणाम तोच होतो. शिवाजी आणि संभाजी या पितापुत्रांमध्ये संशयाची भिंत उभी राहते, आणि ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे तो राजाराम अवघ्या दहा वर्षांचा असतो. अत्र्यांचा लखोबा लोखंडे या साऱ्यांहून निराळा. एका प्रत्यक्ष खटल्यावरून उभे केलेले हे पात्र नवनवी सोंगे घेते, लग्ने करते आणि बायकांना लुबाडते; इच्छा करणारा आणि मध्यस्थ हे दोघेही इथे एकाच माणसात सामावले आहेत. प्रभाकर पणशीकरांनी तो इतका रंजक केला, की न्यायालयातल्या साक्षीदार स्त्रियांचे दुःख ऐकत असतानाही प्रेक्षकाला पुढच्या सोंगाची उत्सुकता लागून राहते, आणि फसवणारा आवडू लागणे हा लोभाच्या यशाचाच एक भाग आहे, हे त्या हशातून सिद्ध होते.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने नेमके याच कारणाने प्रेक्षकाकडे बोट दाखवले. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. ऐतिहासिक घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता, आणि १७९१ मध्ये कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर लोकक्षोभात तो मारला गेला. तेंडुलकरांनी मात्र आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे सांगितले होते आणि त्याकडे तसेच पाहायला हवे. नाटकातला सौदा उघड आहे. अपमानित होऊन सुडाने पेटलेला परदेशी ब्राह्मण आपली मुलगी गौरी पेशवाईचा कारभारी नाना फडणवीस याच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. कांचनभटाला निदान मुलीचे लग्न होते आहे हा आडपडदा होता, घाशीरामाला तोही लागत नाही. गौरीचा अंत होतो, घाशीरामाची क्रूरता वाढत जाते, आणि नाना ज्या सहजतेने त्याला पद देतो, गरज सरल्यावर त्याच सहजतेने त्याला जमावाच्या हाती देतो. या व्यवहाराचे नाट्यरूप म्हणजे तो प्रसिद्ध मानवी पडदा. शेंडी-पागोट्यातली माणसांची रांग गाते, डोलते, कधी भिंत होते, कधी बाग होते, आणि घडू नये ते घडत असताना प्रेक्षकाकडे पाठ करून उभी राहते. पडद्यामागे काय चालले आहे हे पडद्यालाच सर्वांत आधी माहीत असते. मध्यस्थाचे काम इथे एका माणसाचे उरले नाही, साऱ्या शहराने ते वाटून घेतले.

‘गिधाडे’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकांत सौदा पुन्हा घरात परततो. तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनात रंगभूमीवर आले, आणि पैशासाठी बापाला झोडपणारी, बहिणीच्या गर्भारपणाचाही भाव करू पाहणारी भावंडे पाहून मध्यमवर्गीय प्रेक्षक हादरला. या नाटकात बापही निष्कलंक नाही; त्याने भावाला फसवून उभारलेल्या संपत्तीवर मुलांची नजर आहे, म्हणजे लोभच वारसाहक्काने आलेला आहे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त, विजया मेहता यांनी १९८५ मध्ये आणलेल्या या नाटकात, इतका आक्रस्ताळेपणा नाही आणि म्हणून त्याची धार जास्त खोल जाते. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींच्या दिवसकार्यासाठी मुंबईचा सुधीर येतो, खर्चाचा विषय निघतो, आणि घरातले सोने थोरल्या भास्करने आपल्या ताब्यात घेतलेले आहे हे हळूहळू उमगते. रात्री वहिनी नवऱ्यासमोर घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते, हा प्रसंग मराठी नाटकातील लोभाच्या चित्रणाचा कळस मानावा लागेल. तिथे कोणी ओरडत नाही, कोणी खून करत नाही. आयुष्यभर राबलेली बाई काही क्षण नखशिखान्त सोन्यात उभी राहते, आणि प्रेक्षकाला तिचा राग येण्याऐवजी तिच्याबद्दल माया वाटते. ते सोने पुढे भास्करची मुलगी रंजू हिच्या पळून जाण्यात नाहीसे होते. दारात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर आणि शिक्षणाची इच्छा मारून घरात बसलेली बहीण प्रभा यांच्याकडे मात्र वाटणीच्या त्या बोलण्यात कोणाचे लक्ष जात नाही.

या क्रमाकडे पाहताना एक बदल ठळकपणे जाणवतो. ‘तृतीय रत्ना’त विदूषक आहे, ‘शारदे’त कोदंड आहे, ‘भाऊबंदकी’त रामशास्त्री आहेत, म्हणजे सुरुवातीच्या नाटकांत सौद्याला नाही म्हणणारा, आणि ज्याच्या नकाराला वजन आहे असा, एक माणूस रंगमंचावर हजर असतो. स्वातंत्र्योत्तर काळात त्याची जागा रिकामी होत जाते. ‘घाशीराम’मध्ये तो अजिबात नाही, ‘गिधाडे’त त्या भावंडांचा अनौरस भाऊ रजनीनाथ साक्षीदार म्हणून उरतो पण त्याच्याने काही थांबत नाही, आणि वाड्यात तर प्रत्येकाची बाजू इतकी समजण्याजोगी आहे, की नकार कोणी कोणाला द्यायचा हेच ठरत नाही. नाटककारांची नैतिक दृष्टी मंदावली असा याचा अर्थ नाही. धर्मपीठ, न्यायपीठ आणि राजसत्ता यांच्याकडून मिळणाऱ्या निवाड्यावरचा विश्वास ओसरला, आणि सगोत्रतेच्या आधाराने मिळालेला न्याय हा न्यायच नव्हता हे उशिरा का होईना उमगले, असा तो अर्थ आहे.

दरम्यान कायदा बदलला. बालविवाह-प्रतिबंधक कायदा १९२९ मध्ये झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. वाड्यातल्या प्रभेला १९८५ मध्ये जे मागता आले नसते, ते आज मागता येते. मानपाड्यासारख्या भागात, जिथे दोन पिढ्यांपूर्वी भातशेती आणि पाडे होते आणि आता जमिनीचा भाव चौरस फुटावर बोलला जातो, तिथे या हक्काची परीक्षा रोज होते. सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावे लागतात, आणि विकासकाशी करार होण्याआधी त्याच बहिणींना हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला वाटा भावांच्या नावे सोडून देणाऱ्या दस्तावर, सही करायला निबंधक कार्यालयात बोलावले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही पुष्कळदा विनातक्रार होते. कागदोपत्री तिथे संमती असते, हुकूम बदललेला नसतो आणि मुलगीही कोणी विकलेली नसते.

म्हणून या नाटकांचा आज अभ्यास करताना खलपुरुष कोण हे शोधण्यात फार वेळ दवडू नये. कांचनभट, राघोबा आणि घाशीराम हे पहिल्याच अंकात ओळखू येतात. अधिक कठीण आणि अधिक उपयोगाचा प्रश्न संमतीचा आहे. शारदा गप्प होती, गौरीला विचारले नव्हते, सिंधू पतिव्रता होती, प्रभा थकली होती. या चार मौनांपैकी एकही होकार नव्हता, तरी भोवतालच्यांनी त्यांना होकार मानून व्यवहार पुरा केला. लोभाचा विनाशक जोर हाव किती मोठी आहे यावर ठरत नाही, समोरच्याचे मौन आपल्याला हवे तसे वाचण्याची मुभा समाज किती देतो यावर तो ठरतो. पुढील प्रकरणांत प्रत्येक नाटक याच कसोटीला लावले आहे, आणि प्रयोग करणाऱ्या संस्थांनीही भुजंगनाथाच्या हशापेक्षा शारदेच्या गप्प बसण्याला रंगमंचावर किती जागा मिळते, ते तालमीतच तपासून पाहावे, अशी त्यामागची अपेक्षा आहे.